न पिणाऱ्या गौसचं काउंटर

लक्ष्मीपुरीत धान्य बाजाराच्या मागं टायर रिमोल्डिंगची दोन दुकानं आहेत. त्यांच्या मधल्या बोळात अण्णासो चौगुल्यांची परमिट रूम आहे. पाटी होती, ती एका वळवाच्या वाऱ्यात पडली. ती पडल्यावरही गिऱ्हाईक कमी झालं नाही, म्हणून अण्णासोंनी नवी लावली नाही. आत सनमायकाची अकरा टेबलं, नुसता आवाज देणारा एक कूलर आणि गेल्या सालापर्यंत दार नाड्यानं बांधलेला फ्रिज. एवढ्या थाटात त्र्याहत्तर प्रकारची व्हिस्की आणि बावीस प्रकारची बिअर मिळते. पुण्या-बंगळुरूची माणसं नाकाला रुमाल लावून बोळातून आत येतात आणि बाहेर पडताना त्याच बोळाचे फोटो काढतात.

हा सगळा साठा जमवला गौस मुल्लाणीनं. वय एक्कावन्न, राहायला गडमुडशिंगी, रोज जुन्या स्कूटरवरून येणं-जाणं. कुठली बाटली मागवायची आणि कुठली परत पाठवायची हे तो ठरवायचा. अण्णासो फक्त मान हलवायचे. गिऱ्हाईक नवं असलं, की गौस त्याची अर्धी चौकशी केल्याशिवाय बाटलीला हात लावत नसे.

"स्मोकी काहीतरी द्या," असं एकदा पुण्याचा एक चष्मेवाला म्हणाला.

"पावणं, चुलीजवळ नुसतं बसायचंय का चूल फुकायचीय?"

"म्हणजे?"

"दुपारी काय जेवलासा?"

"मिसळ."

"मग बसाच नुसतं." गौसनं मागच्या फळीवरची बाटली काढली. चष्मेवाल्यानं घोट घेतला, डोळे मिटले आणि इंग्रजीत काहीतरी पुटपुटला. पुढं तो चार मित्रांना घेऊन आला. गौसची जीभ म्हणजे देणगी आहे, असं तो त्यांना सांगत होता.

त्या जिभेला आयुष्यात दारूचा थेंब लागला नव्हता. एकोणतिसाव्या वर्षी गौस इथं ग्लास विसळायला लागला, तेव्हा बायको लालबीनं एकदाच सांगितलं होतं, "तिथं काम कर, पण तोंडाला लावलंस तर ह्या घराची कडी निघायची न्हाय." पहिली काही वर्षं त्यानं कडीच्या भीतीनं लावली नाही. नंतर ते त्याचंच झालं. काउंटरवरच्या माणसाला, तू पितोस का, असं बावीस वर्षांत कुणी विचारलं नाही, म्हणून त्यानंही सांगितलं नाही.

व्हिस्की तो तोंडं बघून शिकला. पहिला घोट पोटात उतरेपर्यंत माणूस खोटं बोलू शकत नाही, हा त्याचा अनुभव. त्यातही एक तोंड त्याच्या खास भरवशाचं होतं. प्रसेनजीत कांबळे सर, कागलच्या हायस्कुलात तीस वर्षं विज्ञान शिकवून निवृत्त झालेले. ते आठवड्यातून तीनदा एसटीनं यायचे आणि तीन नंबरच्या टेबलावर बसायचे. नवी बाटली उघडली की पहिला पेग सरांना, फुकट. धूर असलेली असली की सरांची डावी भुवई वर जायची. गोडसर असली की ते ओठ मुडपायचे. महागडी पण टुकार असली की ग्लास उजेडाकडं धरायचे. आणि साधी, देशी, रोजची असली की मिशी पुसून खुर्चीत मागं रेलायचे. सर त्या पेगला मान समजत होते. टेबलावर दुसरं कुणी असलं, तर "गौसचा आग्रह असतो," असं मुद्दाम सांगायचे.

गेल्या साली अण्णासोंच्या दोन्ही गुडघ्यांचं ऑपरेशन झालं आणि धंदा सूनबाई संयोगिता बघायला लागल्या. बाई हुशार. आल्या आल्या त्यांनी फ्रिजचं दार दुरुस्त करून घेतलं. मग पुण्यात बारटेंडरचा कोर्स केलेला विश्वजित नावाचा पोरगा ठेवला. काउंटरवर दोघं नकोत, हे त्यांनी दुसऱ्याच आठवड्यात स्पष्ट केलं.

"गौसभाई, रविवारी दुपारी बंदच्या वेळेत या. चार ग्लास ठेवते, नावं झाकून. चाखून ओळखायचं. जास्त ओळखेल त्याचं काउंटर, दुसऱ्यानं टेबलं सांभाळायची. रुसायचं नाही."

"रुसतोय कशाला," गौस म्हणाला. बावीस वर्षांचं काउंटर चार घोटांवर आलं होतं आणि त्यातला एकही त्याला घेता येण्याजोगा नव्हता.

घरी त्याला भाकरी गेली नाही, तेव्हा लालबीनं विचारलं. त्यानं सांगितलं. लालबी आधी हसली, मग जास्त हसली.

"गावातल्या बायका नवरा पितो म्हणून रडत्यात. मी आता काय म्हणून रडू?"

"चेष्टा सुचतीया तुला."

"मग सांग की त्या बाईला, पीत न्हाय म्हणून."

"सांगितलं तर म्हणंल, बावीस वर्षं कशाच्या जिवावर बोलत हुतास?"

"मग कशाच्या जिवावर बोलत हुतास?"

गौसनं ताट सरकवलं. पण उत्तर त्याला तिथंच मिळालं होतं.

रविवारी तीन वाजता विश्वजितनं चारी ग्लास गोल फिरवले, नाकाशी धरले, जीभ टाळ्याला लावून वाजवली आणि चारांतल्या तीन बरोबर सांगितल्या. चौथीत तो जपानच्या आणि गोव्याच्या व्हिस्कीत गल्लत करून बसला. संयोगितांनी कागदावर बरोबर-चूक खुणा केल्या. चारी ग्लास पुन्हा भरले, क्रम बदलून.

"वैनीसाहेब, माझ्या वतीनं सर घेतील," गौस म्हणाला.

दारात कांबळे सर उभे होते, इस्त्रीचा शर्ट घालून. गौसनं त्यांना फोनवर एवढंच सांगितलं होतं, की नव्या बाटल्या आहेत, तुमचं मत पाहिजे. संयोगितांना नियम मोडल्यासारखं वाटलं, पण निवृत्त शिक्षकाला दारातून परत कसं पाठवायचं? त्यांनी सरांना खुर्ची दिली आणि स्वतः टेबलाच्या पलीकडं बसून राहिल्या.

इथं गौसचा हिशेब चुकला. परमिट रूममध्ये बाईमाणूस समोर बसलंय, असा प्रसंग सरांवर कधी आला नव्हता. त्यातून ती मालकांची सून. सरांनी पहिला घोट घेतला आणि पालक सभेत बसल्यासारखं तोंड ठेवलं. भुवई जागेवर, ओठ जागेवर.

"कशी वाटली सर?"

"उत्तम," सर संयोगितांकडं बघून म्हणाले.

दुसरा घोट. "हीसुद्धा उत्तम."

गौस वाकून सरांचं तोंड बघत राहिला. पहिली त्यानं अंदाजानं सांगितली, बरोबर निघाली. दुसरी चुकली. आता उरलेल्या दोन्ही बरोबर याव्या लागणार होत्या, तेही फक्त बरोबरीसाठी. तिसऱ्या ग्लासाला सरांनी हात घातला, तेव्हा गौसला राहवलं नाही.

"वैनीसाहेब, तुम्ही जरा किचनमध्ये जावा की."

"का?"

"सर तुमच्याम्होरं तोंड वाकडं करीत न्हाईत. तोंड दिसल्याबिगर मला कळायचं कसं?"

विश्वजित हसला आणि मग थांबला. संयोगितांनी पेन खाली ठेवलं. "गौसभाई, तुम्ही स्वतः का पीत नाही?"

"मी पीतच न्हाय. कधीच न्हाय."

"मग एवढी वर्षं?"

"सर प्यायचे. मी बघायचो."

सगळ्यांनी सरांकडं पाहिलं. सरांच्या हातात तिसरा ग्लास तसाच होता. माणसाला स्वतःची बावीस वर्षं आठवायला किती वेळ लागतो, तेवढा वेळ गेला.

"म्हणजे मी काय तुझा बेडूक व्हय रं?" सर म्हणाले. "ट्रेमध्ये टाचण्या मारून ठेवलेला?"

"सर, तसं न्हवं..."

"मी हजारभर पोरांना बेडूक चिरून दाखवलाय. मला ट्रे कळतो." त्यांनी ग्लास खाली ठेवला, भरलेलाच. संयोगितांना नमस्कार केला आणि निघून गेले.

ठरल्याप्रमाणे काउंटर विश्वजितला मिळालं. संयोगितांनी गौसचा पगार कमी केला नाही, तेवढी माणुसकी दाखवली. गौसनं खांद्यावर फडकं टाकलं आणि टेबलं पुसायला सुरुवात केली. पहिल्या आठवड्यात तो काउंटरकडं बघत नव्हता. दुसऱ्या आठवड्यात कबनूरचे यंत्रमागवाले आले, तेव्हा विश्वजितनं लांबून भुवया उडवून विचारलं, यांना काय देऊ? गौसनं दोन बोटांनी खालची, साध्या देशीची फळी दाखवली. संयोगितांनी ते पाहिलं आणि पुन्हा हिशेबाच्या वहीत डोकं घातलं.

तीन नंबरचं टेबल मात्र रिकामं राहत होतं. गौस ते रोज दोनदा पुसायचा. कागलला जाऊन यावं असं त्याच्या चार वेळा मनात आलं. पण जाऊन काय सांगायचं, हे पाचव्यांदाही सुचलं नाही.

सर महिन्यानं आले. उन्हं उतरत होती, गर्दी नव्हती. ते तीन नंबरला बसले आणि भिंतीकडं बघत म्हणाले, "सोडा आण. नुसता."

गौसनं बाटली आणली, ग्लासात ओतली आणि दोन पावलं मागं सरून उभा राहिला. मग, आपण कसे उभे आहोत हे लक्षात येऊन, त्यानं मान फिरवली.

"बघ की," सर म्हणाले. "तेवढ्यासाठीच उभा हायस न्हवं?"

त्यांनी घोट घेतला. पालक सभेतलं तोंड ठेवलं. जराही हलू दिलं नाही.

"काय दिसलं?"

"सर, गॅस न्हाय त्यात. असता तर डोळं तरी मिटलं असतं."

सरांनी ग्लासाकडं पाहिलं. दुसरा घोट घेतला, चव बघायला. मग ग्लास पुढं सरकवला.

"बदलून आण," ते म्हणाले. "आणि येताना त्या पोराला विचार, जपानची कुठली ठेवलीया."