रत्नाकाकीची हरकत

माले गावाच्या पुढे, धरणाच्या अंगाला आमचं छोटं गाव आहे. तिथल्या ग्रामपंचायतीत संगणकावर बसायचं आणि निघालेला प्रत्येक कागद बाहेरच्या भिंतीवर चिकटवायचा, हे माझं काम. पाणीपट्टी कुणाची थकली, शौचालय कुणाला मिळालं, कुणाचं नाव यादीतून गळलं, सगळं मी भिंतीवर लावतो. पारदर्शक कारभार म्हणतात त्याला. मला त्याचा अभिमान होता. आडपडदा नसला की चोरीला जागा राहत नाही, असं मी चारचौघांत ठणकावून सांगायचो. रत्नाकाकीच्या घरकुलाचा अर्ज येईपर्यंत सांगायचो.

रत्नाकाकी नात्याने माझी चुलती लागते, भावकीतली. तिचा नवरा विठ्ठलराव पंधरा वर्षांपूर्वी साखर कारखान्याच्या गाडीवर ड्रायव्हर म्हणून सोलापूरकडे गेला. पहिल्या वर्षी दोनदा येऊन गेला, मग फोन आला, मग फोनही बंद झाला. लेक गौतमी तेव्हा पाच वर्षांची होती. त्याने तिकडे दुसरा संसार थाटलाय, हे गावात सगळ्यांना ठाऊक होतं. काकीला ठाऊक आहे, हेही सगळ्यांना ठाऊक होतं. पण कुणी विचारलं की ती एकच वाक्य बोलायची, "मालक कामाला भाईर हायेत." समोरचा मान डोलवायचा. "व्हय, काम काय सुटतंय मानसाला?" एवढं म्हणून विषय बदलायचा. आमचं गाव तोंडाने फटकळ आहे, एकमेकांची उणीदुणी काढायला कमी करत नाही. पण ह्या एका वाक्याला पंधरा वर्षांत कुणी हात लावला नाही. हळदीकुंकवाला तिला बोलावणं असायचं, लग्नघरी पाच सवाष्णींत तिला मान असायचा, आणि उखाण्यात विठ्ठलरावाचं नाव घेताना ती लाजायचीसुद्धा.

राहायची ती गावठाणातल्या कोपऱ्यावर. कुडाच्या भिंती, वर सिमेंटचे पत्रे, पावसाळ्यात एक बाजू प्लास्टिकने झाकलेली. आमच्याकडचा पाऊस ज्याने काढलाय त्याला सांगायला नको. चार महिने तिची चूल सादळलेलीच असायची. दीर हैबतरावांनी डोंगराच्या कडेची जमीन पुण्याच्या लोकांना बंगल्यांसाठी विकली. त्यातल्याच एका बंगल्याची झाडलोट काकीकडे होती. पाच खोल्या, बंगलेवाले महिन्यातून एकदा येणार. किल्ली हिच्या कमरेला, पण भर पावसातही तिने तिथे कधी पाठ टेकली नाही. मी एकदा म्हटलं, झोपायचं की तिथं, कोण बघतंय? तर मला म्हणाली, "बगत न्हाई म्हनूनच झोपू नये, दयानंदा."

घरकुलासाठी गौतमी मागे लागली होती. ती जांब्याला भाड्याच्या खोलीत चार मुलींबरोबर राहते, हिंजवडीच्या एका कंपनीच्या कँटीनमध्ये कामाला आहे. तिने आईला ओढत आणून माझ्यासमोर बसवलं. जागेसाठी हैबतरावांनी संमतीपत्रावर मुकाट सही केली. मी फॉर्म भरायला घेतला. कुटुंबप्रमुख महिला, इथपर्यंत ठीक. पुढे प्रकार निवडायचा होता: विधवा, परित्यक्ता, अविवाहित. ह्यातलं काही निवडलं तर नाव वर सरकणार, नाही निवडलं तर यादीच्या तळाशी जाणार आणि दहा वर्षं वाट बघणार.

मी 'परित्यक्ता' निवडलं. तिला विचारलं नाही. काय लिहिलंस, म्हणून तिने विचारलं, तेव्हा मी म्हणालो, "काही नाही काकी, एकटी राहते असं सरकारी भाषेत." मला वाटलं, असला जड शब्द गावात कुणाला कळतोय! काकी चौथी शिकलेली. तिने पडद्यावरचा शब्द अक्षर लावून वाचला, प-रि-त्य-क्ता, आणि म्हणाली, "चांगला हाय की शबूद." ते आठवलं की आजही माझं मला तोंड दाखवावंसं वाटत नाही.

याद्या आल्या. नियम असा की यादी नुसती चिकटवून भागत नाही, ग्रामसभेत मोठ्याने वाचायची, नाव, प्रकार आणि कारणासकट. हरकत असेल तर तिथल्या तिथे घ्यायची. आणि सगळ्याचं व्हिडिओ चित्रण करून वर पाठवायचं. मागे कुठेकुठे सभा न घेताच सह्या झाल्या होत्या, म्हणून हा बंदोबस्त. नियम वाईट नाही. मी आजही म्हणत नाही वाईट आहे.

शाळेच्या व्हरांड्यात सभा भरली. दीडेकशे माणूस असेल. पंचायत समितीचे साहेब आले होते. माईकवर यादी मीच वाचत होतो. पाचवं नाव काकीचं. मी शक्य तितकं भराभर वाचलं, रत्नाबाई विठ्ठलराव, परित्यक्ता, पात्र, आणि सहाव्या नावावर उडी मारली. तेवढ्यात पुढे बसलेल्या हैबतरावांनी हात वर केला. म्हातारा कानाने मंद झालाय. खोड काढायला नाही, खरंच न कळून त्यांनी विचारलं, "आमच्या रत्नाचं काय म्हनला? परी... काय ते?"

मी सहावं नाव पुन्हा वाचू लागलो. साहेबांना वाटलं, लोकांना समजावून सांगणं आपलं कर्तव्य. त्यांनी माझ्या हातातला माईक घेतला आणि स्वच्छ आवाजात सांगितलं, "परित्यक्ता म्हणजे नवऱ्याने टाकलेली स्त्री."

पंधरा वर्षं जे कुणाच्या ओठावर आलं नव्हतं, ते कर्ण्यातून साऱ्या आळीभर ऐकू गेलं. बायकांनी पदर तोंडाला लावले. हैबतरावांची मान अशी खाली गेली की सभा संपेपर्यंत वर आली नाही. साहेबांनी रिवाजाप्रमाणे विचारलं, "कुणाची काही हरकत?" एकानेही हात वर केला नाही. एरवी गटारासाठी डोकी फोडणारी माणसं, त्या दिवशी सगळी जमिनीकडे बघत होती. तिला घर मिळावं असं त्यांना मनापासून वाटत होतं.

मग मागून बायकांतून काकी उठली.

"माजी हरकत हाय."

"कुणाच्या नावाला?" साहेबांनी विचारलं.

"माज्याच. मला कुनी टाकलेलं न्हाई. मालक कामाला भाईर हायेत."

"बाई, नीट विचार करून बोला. हे सगळं रेकॉर्ड होतंय."

"हुंद्या. मोठ्यानं बोलू का आजून?"

साहेब चांगला माणूस होता, त्याने दोनदा विचारलं. दोन्ही वेळा तेच उत्तर. शेवटी इतिवृत्तात नोंद झाली. आठ दिवसांनी अपात्रांची यादी आली, कारणांसकट. काकीच्या नावापुढे लिहिलं होतं: चुकीची माहिती दिल्याने अपात्र. चुकीची माहिती दिली होती मी. भिंतीवर नाव लागलं तिचं. आणि तो कागद मीच चिकटवला, दुसरं कोण चिकटवणार?

गौतमी रविवारी जांब्याहून आली ती तणतणतच. "आई, आख्ख्या गावाला ठावं हाय! कुनापासनं लपवतीयास?"

"ठावं हाय तर हाय," काकी म्हणाली. "मी माज्या तोंडानं कुनाला सांगितलेलं न्हाई."

"आनि मी लग्नानंतर माहेरी कुटं यायचं? ह्या प्लास्टिकात?"

काकीने प्लास्टिकची सुटलेली कड दगडाखाली सारली. पोरगी रडून गेली. लोक काकीला तोडून वागले असंही नाही. पण तिच्याशी बोलताना नजर चुकवू लागले. मालक कसे हायेत, हे विचारणंच बंद झालं. आधी जे खोटं सगळ्यांनी मिळून सांभाळलं होतं, ते आता तिच्या एकटीच्या अंगावर पडलं.

पुढच्या आठवड्यात एका दुपारी ती कार्यालयात आली. बाकी कुणी नव्हतं. स्टुलावर बसली आणि म्हणाली, "दयानंदा, ह्या याद्या दुसऱ्या गावांच्या बी दिसत्यात का रं?"

"सगळ्या देशातल्या दिसतात, काकी."

तिने एका गावाचं नाव सांगितलं. तालुका सांगितला. फार पूर्वी कुणा ड्रायव्हरने तिला सांगितलेलं नाव तिने जसंच्या तसं जपून ठेवलं होतं. ते मी इथे लिहीत नाही. आधीच पुष्कळ लिहून बसलोय. एवढ्या वर्षांत कधी गेली का नाहीस, म्हणून मी विचारलं. "गेले असते म्हंजी बगावं लागलं असतं," ती म्हणाली.

यादी उघडली. विठ्ठलरावाचं नाव दुसऱ्या पानावर होतं. घरकुल मंजूर, बांधकाम पूर्ण. पत्नी म्हणून दुसरंच नाव, दोन मुलं. आणि घर पूर्ण झाल्याचा फोटो: नवी कोरी भिंत, भिंतीवर ठळक अक्षरांत योजनेचं आणि त्याचं नाव, पुढे तो, ती बाई आणि दोन शाळकरी पोरं. मी पडदा वळवणार नव्हतो. तिनेच उठून वळवला. बराच वेळ बघत होती. मी छताकडे बघत राहिलो.

"पोरं ल्हान हायेत," ती म्हणाली. मग, "ह्यो फोटू लावला की मला घर मिळंल?"

"मिळेल काकी. ह्याच्याहून मोठा पुरावा नाही. तालुक्याला, पौडला अपील करू."

"आनि त्यांचं?"

मी खोटं बोलू शकलो असतो. नाही बोललो. "चौकशी लागेल. पहिली बायको लपवली म्हणून घर काढूनही घेतील."

ती पुन्हा स्टुलावर बसली. मग पदराने तोंड पुसून म्हणाली, "लिही अपील. गौतमीसाठी लिही. नवऱ्यानं टाकलेली हाय म्हनावं. त्यो जड शबूद नको, असंच लिही. पर फोटू लावायचा न्हाई."

मी अर्ज लिहिला. तिने सही केली. फोटोची प्रत मात्र मी तिला न सांगता काढली आणि पिशवीत ठेवली.

पौडला सुनावणीला आम्ही दोघं गेलो. अधिकारी बाईच होत्या, वयाने गौतमीहून थोड्याच मोठ्या. त्यांनी अर्ज वाचला आणि संगणकावर आमच्या ग्रामसभेचा व्हिडिओ लावला. काकीचा आवाज खोलीत घुमला, "मला कुनी टाकलेलं न्हाई." काकी स्वतःकडेच बघत बसली होती.

"ताई, तेव्हा तुम्ही हे बोललात, आज उलट बोलताय. ह्यातलं खरं काय?"

"दोनी बी खरंच हाय, साहेब."

"मला तुम्हाला घर द्यायचंय हो," त्या कळवळून म्हणाल्या. "पण हा व्हिडिओ कुणालाही बघता येतो. उद्या तक्रार झाली तर मी काय दाखवू? त्यांनी तुम्हाला सोडलंय ह्याचा एखादा कागद, काहीही पुरावा आहे का?"

माझा हात पिशवीत गेला होता. काकीने माझ्याकडे पाहिलं. तिला कसं कळलं कोण जाणे. तिने नुसती मान हलवली, आणि मी हात बाहेर काढला.

"न्हाई," ती म्हणाली. "कायबी पुरावा न्हाई."

अपील फेटाळलं. जे शब्द तिने पंधरा वर्षं तोंडातून काढले नाहीत, ते अर्जात लिहून दिले, आणि ते देऊनही घर गेलंच. एस.टी. यायला अवकाश होता. आम्ही स्टँडच्या बाकावर बसलो. माझ्या डोळ्यांत पाणी आलं होतं. मी म्हणालो, काकी, माफ कर मला. तिने ऐकलं की नाही, कळलं नाही. रस्त्याकडे बघत होती.

एस.टी. वळणावर दिसली तेव्हा म्हणाली, "तब्येत लई उतरलीया रं त्यांची."