तिचं सोवळं

पुतणीनं कॉलेज सोडलं, तेव्हा दीक्षितपुऱ्यातल्या आमच्या घरात सगळे नाराज झाले. पण पुढे ती पहाटे न्हाऊन ओलेत्यानं स्वतःपुरता स्वयंपाक करू लागली, दुसऱ्याच्या हातचं पाणीसुद्धा घेईना, तेव्हा त्याच सगळ्यांना कौतुकाचं भरतं आलं. इतक्या पिढ्या हिंदी मुलखात काढून आमच्या पोरीनं सोवळं टिकवलं, असं तिची आई, म्हणजे माझी जाऊ, येईल त्याला सांगायची. पोरगी वाळत चालली होती, ते कुणाच्या डोळ्यांना दिसेना.

मी पुण्याची, बँकेत नोकरी करणारी, लग्न होऊन इथे आलेली. हिला डॉक्टरला दाखवा म्हटलं, तर जाऊ म्हणाली, "तुला नाही समजणार. तू तर बाहेरचं काहीही खाऊन राहिली." माझं डोकंच फिरलं. जवळच्या पनागर गावाहून भाजी घेऊन येणाऱ्या बाईच्या मुलीनं असं केलं असतं, तर याच घरानं तिला केव्हाच वेडी ठरवलं असतं.

शेवटी भांडून तिला नेलं. सासरेही सोबत आले. डॉक्टरांनी पुतणीकडे एकदा पाहिलं आणि प्रश्न सगळे सासऱ्यांना विचारले. सासरे ताठ बसून म्हणाले, "हमारे यहाँ ऐसा ही होता है, डॉक्टर साहब. मराठी ब्राह्मण घर है."

"अच्छा, फिर तो संस्कार हैं. चिंता मत कीजिए," म्हणत डॉक्टरांनी ताकदीच्या गोळ्या लिहून दिल्या. परतताना सासरे खुशीत होते.

असे कितीतरी महिने वाया गेले. मग एका दुपारी घरात दुसरं कुणी नसताना मी तिलाच विचारलं, "का गं खात नाहीस आमच्या हातचं?"

तिनं दाराकडे पाहिलं आणि हळूच म्हणाली, "काकू, तू पण नको खाऊ. आई त्यात जहर टाकून राहिली. ते लोक सांगतात मला, भिंतीतून."

दुसऱ्याच दिवशी कुणाला न विचारता मी तिला दुसऱ्या डॉक्टरीणबाईंकडे नेलं. त्यांनी मला बाहेर बसवलं आणि तिच्याशी बोलल्या. उपचार सुरू झाले. आधीच आणायला हवं होतं, असं त्या म्हणाल्या, आणि ऐकायला तिथे मी एकटीच होते.

आता गोळी मी देते, कारण आईच्या हातची ती घेत नाही. त्या वेळी जाऊ स्वयंपाकघराच्या दाराआड उभी असते, लेकीला दिसणार नाही अशी. मी बाहेर आले की विचारते, "घेतली का तिनं?"