पणजोबांचा खांब

गावात पाहुणा आला की सोफ्रोन त्याला अंगणातल्या, घोडे बांधायच्या कोरीव खांबापाशी नेई. "माझ्या पणजोबांनी रोवला. गाव इथूनच सुरू झालं!" सामूहिक शेती आली तेव्हा चार तळ्यांकाठची कुटुंबं उचलून इथे आणली होती आणि त्यांत सोफ्रोनचा बापही दोन गाईंसकट होता, हे गावाला ठाऊक होतं. पण त्याच्या तोंडावर कोण बोलणार?

भूगोलही त्याचाच. "खालची जमीन केसाळ हत्तींच्या काळापासून बारमाही गोठलेली. लोखंड आहे लोखंड!" या लोखंडावर तो दर शनिवारी न्हाणीघराचं गरम पाणी ओतत आला होता. आता तिथली गोठलेली माती वितळून खड्डा पडला होता, घर त्या बाजूला कललं होतं, आणि सगळ्यात कललेल्या खोलीत नात क्युन्नेय झोपायची. तिचा चेंडू कुठेही ठेवला तरी त्याच कोपऱ्यात जाई. आजी फेक्ला रात्रीतून उठून पोरीचं अंथरूण दाराकडे ओढी.

वरच्या टेकाडावर जागा मिळाली होती. थंडीआधी लाकडी घराचे ओंडके सोडवून ते तिथे पुन्हा उभं करता आलं असतं. पण असा खांब माणसाने उपटायचा नाही, नाहीतर वंश बुडतो, अशी समजूत. तो आपोआप पडायचा.

"तो उभा आहे तोवर मी हलणार नाही," सोफ्रोन म्हणाला. आणि खांब कलायला लागताच त्याला टेकू लावला.

"अहो, आपोआप पडू द्यायचा ना? मग टेकू कशाला?" फेक्लाने विचारलं.

"टेकू नाही गं तो. आधार आहे."

"मग एक आधार नातीच्या खोलीलाही द्या."

उन्हाळी सणाला तालुक्याहून फोटोवाले आले. फोटोत बरा दिसत नाही म्हणून सोफ्रोनने टेकू काढला, घोडी बांधली आणि छाती काढून म्हणाला, "ही जमीन कधी हलली नाही..."

घोडीने डास झटकायला मान हलवली. खांब सावकाश आडवा झाला.

"माणसाचा हात लागला नाही हं," फेक्ला घाईघाईने म्हणाली. "सगळ्यांनी पाहिलंय!"

सोफ्रोनने टोपी काढली. "पणजोबांचा हुकूम झाला. वर चला." संध्याकाळपर्यंत, टेकाडाचं आपण कधीपासून सांगत होतो, हे तो शेजाऱ्यांना पटवत होता.

फेक्लाने वाद घातला नाही. टेकाडावर चुलीच्याही आधी तिने न्हाणीघराची जागा आखली, पार उताराखाली.

"इतक्या लांब? घरी येईपर्यंत माझे केस गोठतील!"

"गोठू द्या," ती म्हणाली. "जमीनही गोठलेलीच राहील."