पळायची वाट

वाळलेला शेवगा कधी शेळ्यांवर पडेल याचा नेम नव्हता, म्हणून मी स्वतःच तो पाडायला घेतला. शेळ्या लांब बांधल्या आणि झाड कललं होतं त्या बाजूला कुऱ्हाडीनं खाच पाडली. तेवढ्यात बेंबळीच्या बसला निघालेला एक लंगडा माणूस कुंपणाशी थांबला. कोण, कुठला, ठाऊक नाही. झाडाकडं त्यानं पाहिलंच नाही. माझ्या पाठीमागची बाज आणि जळणाचा ढीगच निरखत राहिला. मला नवल वाटलं.

"आजी, झाड कुठं पडंल ते कळलं. तुम्ही कुठं पळणार?"

"या वयात मी कशाला पळते?"

"मग कुऱ्हाड ठेवा की खाली."

त्यानं आत येऊन बाज उचलली, जळण सारलं आणि मागं तिरपी वाट मोकळी केली. मग मी खाचेच्या उलट बाजूनं घाव घातले आणि झाड करकरलं तशी त्या वाटेनं सरकले. शेंडा पुढं पडला, पण बुंधा उसळून मी उभी होते तिथंच आदळला.

"तुमचा पाय झाडानंच मोडला का?" मी विचारलं.

"न्हाय ओ, म्हशीनं लाथ मारली. मागं भिंत होती."

आता धारेला बसतानाही मी आधी मागं बघते.