थारचिनची नजर

थारचिन कधी भांडला नाही, कधी नाचला नाही, जवाची दारू, छांग, पोटात गेली तरी एक ओळ गायला नाही. असला मिळमिळीत माणूस यांगडोलसारख्या तिखट बाईच्या वाट्याला कसा आला, म्हणून आम्ही शेजारणी हसायचो. पण जव मळून झाले आणि नदीकाठी बेचकी सजली, की सगळं गाव याच माणसाच्या मागे लागायचं.

बेचकी म्हणजे पोरांच्या हातातली नव्हे. वाळुंजाचे दोन सोट जमिनीत कायमचे पुरलेले, त्यांना ट्रकच्या ट्यूबचे पट्टे, मधे याकच्या कातड्याची झोळी. ती मागे ओढायला चार गडी लागतात. दर सुगीला आम्ही नदीपलीकडच्या वाडीखालच्या मोकळ्या काठावर दगड फेकायचो, आणि दगड कुठं पडणार ते जो आधी सांगेल त्याची छांग फुकट. थारचिन दगड तळहातावर झुलवायचा, वारा गालावर घ्यायचा आणि पुटपुटायचा, "त्या तांबड्या धोंड्याच्या अलीकडे." तिथंच पडायचा मेला!

"आमच्या ह्यांची नजर चुकत नाही हो," यांगडोल मान ताठ करून सांगायची.

त्यांची एकुलती एक लेक कुंझेस त्याच पलीकडच्या वाडीत दिली होती. त्या उन्हाळ्यात ती पोटुशी होती. दिवस भरत आले, आणि वर कुठंतरी ढग फुटला. पूल गेला. नुसता गेला नाही, त्याचे खांबही गेले. नदीचा आवाज असा, की शेजारचा काय बोलतो ते कानाशी येऊन सांगावं लागे.

दुसऱ्या दिवशी सकाळी कुंझेसचा नवरा नामताक पलीकडच्या काठावर आला. त्यानं दोन्ही हातांनी एक चादर वर धरली. निम्मी चादर लाल होती. मग हात असे झुलवले, बाळ झोपवतात तसे. बाळ झालं होतं, बाळ ठीक होतं, आणि कुंझेसचं रक्त थांबत नव्हतं. हे सगळं एका चादरीत कळलं आम्हाला. यांगडोल मटकन खाली बसली.

नर्सबाई दवाखान्यातून धावत आली. रक्त थांबवायच्या गोळ्या होत्या, हातात मावतील एवढ्या. "पण पोचवणार कशा?" ती म्हणाली. ढग एवढे खाली होते की हेलिकॉप्टरचं नावच नको.

थारचिन बेचकीकडे चालू लागला. ती उंचावर होती म्हणून पुरातून वाचली होती.

गोळ्या डबीत घातल्या, डबीभोवती लोकर, वर कातडं. त्यानं तो गोळा हातात झुलवला आणि तेवढ्याच वजनाचे दगड वेचून आणले. एक पाण्यात गेला. एक काठावर. मग एक नामताकच्या पुढ्यात पडला, आणि थारचिननं झोळी जिथवर ओढली होती तिथं जमिनीत खुंटी ठोकली.

"आता इथवरच ओढायचं," तो म्हणाला.

तेवढ्यात यांगडोल उठली. देव्हाऱ्यातला खताक, मानाचा रेशमी शेला, तिनं येतानाच गळ्यात घातला होता, गोम्पातल्या मोठ्या लामांनी दिलेला, पांढराशुभ्र. तो काढून ती गोळ्याला बांधायला लागली.

"अगं, कापड वारा धरतं," थारचिन म्हणाला.

"धरू दे! कुंझेसचे आबा, देवाच्या नावाशिवाय पोरीचं औषध पाठवू? तुमची नजर आहे ना? मग ओढा थोडं जास्त!"

आता तुम्ही म्हणाल, कुणी अडवलं का नाही. अहो, आमच्यात खताकाशिवाय पाहुणा निघत नाही, नवरी निघत नाही, मढंसुद्धा निघत नाही. आईच्या हातातला खताक कोण हिसकावणार? थारचिननं तिच्या तोंडाकडे पाहिलं. मग खुंटीच्या मागे हातभर झोळी ओढायला लावली.

गोळा उठला. खताक मागे उलगडला आणि फडफडायला लागला. नदीच्या मध्यावर गोळ्याचा जोर गेला. पाण्यात पांढरं काहीतरी एकदा दिसलं आणि दिसेनासं झालं.

नामताक पाण्यात कमरेपर्यंत शिरला होता. त्याला त्याच्या माणसांनी ओढून काढलं.

नर्सबाईजवळ आणखी गोळ्या नव्हत्या. वरच्या गावाला घोडा पिटाळला. घोडा परत येईस्तोवर दुपारचा वारा सुटला होता, आणि सकाळची खुंटी आता कामाची नव्हती. थारचिननं पुन्हा दगड वेचले. एकेक दगड वारा भलतीकडे नेत होता. "लवकर करा हो, लवकर!" यांगडोल ओरडत होती आणि स्वतःच्याच तोंडात मारून घेत होती. शेवटी एक दगड पलीकडे नीट पडला आणि थारचिननं नवी खुंटी ठोकली. दुसरा गोळा खताकाविनाच गेला, नामताकच्या पायाशी पडला. तो उचलून नामताक असा पळाला की त्याची टोपी पडली तरी वळला नाही. आम्ही सगळ्यांनी पाहिलं.

संध्याकाळी तो काठावर आला. त्यानं काहीच वर धरलं नाही. नुसता उभा राहिला.

लष्करानं तात्पुरता पूल टाकल्यावर तो बाळाला घेऊन आला. यांगडोलनं नातीकडे पाहिलंसुद्धा नाही. त्या दिवसापासून तिनं तोंडात घास घेतला नव्हता. "मीच मारली," एवढंच घोकत होती. नामताक तिच्यापुढं बसला.

"आमा, ती सकाळीच गेली होती. पहिली डबी सुटायच्या आधीच."

खोटं, धडधडीत खोटं! मी तोंड दाबून घेतलं. यांगडोलनं मान वर केली. "मग दुसरी डबी घेऊन पळालास का?"

नामताक बाळाचं दुपटं सारखं करायला लागला.

"पळाला नाही तो," थारचिन कोपऱ्यातून म्हणाला. "मी पाहिलं. डबी उचलली आणि चालत गेला."

यांगडोलनं त्याच्याकडे वळून पाहिलं.

"तुमची नजर चुकत नाही," ती म्हणाली, आणि तिनं बाळ घ्यायला हात पुढं केले.

पुढच्या सुगीला गडी बेचकीशी बोलवायला आले. थारचिन म्हणाला, आता मला लांबचं दिसत नाही.