मनमाडचा मयत

जून सरत आला की नाशिकच्या सीबीएस बसस्थानकाजवळच्या झेरॉक्सच्या दुकानांसमोर दुपारभर गर्दी असते. यंत्रातून नुकत्याच निघालेल्या कागदांना एक कोमट, किंचित जळका वास येतो. मुली प्लॅस्टिकच्या फायली छातीशी धरून उभ्या असतात आणि त्यांचे वडील एकेक प्रत उजेडात धरून शिक्का नीट उमटला की नाही ते पाहत असतात. उत्पन्नाचा दाखला, रहिवासाचा दाखला आणि सगळ्यांत अवघड तो जातीचा. परवा त्या वासाने मी थबकलो. एक गृहस्थ आठवले. त्यांच्या पिशवीतल्या कागदांनाही असाच वास येत होता, आणि त्या कागदांवर आमच्या घरात कुणीही विश्वास ठेवायला तयार नव्हतं. मीही नव्हतो.

नव्वदीच्या दशकात नाशिक पश्चिमेकडे सरकू लागलं. गंगापूर रस्त्याच्या पलीकडे आमचा मळा होता. फ्लॉवर, मेथी, कडेला शेवंती. शेजारच्या मळ्यांत एकेक करून चुन्याच्या रेघा पडल्या, प्लॉट पडले, पाट्या लागल्या. जमिनीला भाव आला तशी माणसांच्या नजरेला एक वेगळीच धार आली. थोरले काका, म्हणजे माझ्या वडिलांचे मोठे भाऊ, घरातले कर्ते. बांधावर मोटारसायकल थांबली की ते आधी आलेल्याच्या पायांकडे पाहत. चपला स्वच्छ असल्या तर दलाल, धुळीच्या असल्या तर भाऊबंद, असा त्यांचा हिशेब होता. शेतात तण ओळखावं तसे ते माणूस ओळखत, आणि तण म्हणून उपटलेलं रोप कधी पिकाचं निघालं तरी त्यांना त्याचं फारसं वाईट वाटत नसे.

हे गृहस्थ आले ते दोन हजार साल उलटून गेल्यावर, एका रविवारी. त्यांच्या पायांत काळे, पॉलिश केलेले बूट होते, त्यामुळे काकांचा हिशेब पहिल्यांदाच चुकला. वय माझ्याएवढंच, चाळिशीकडे झुकलेलं. रेल्वेत फिटर होते.

"काका, मी मनमाडचा. तुमच्या चुलत्याचा नातू."

"आमच्या चुलत्याला नातू कुठला?" काका म्हणाले. "चुलता जवानीतच गेला. त्याचं पान आमी दर पितरांना वाढतो."

"तेच तर!" ते गृहस्थ हसले. "आजोबा सांगायचे ना. पितरांचा पंधरवडा आला की म्हणायचे, आज नाशकात माझं पान वाढलंय, मला भूक नाही, तुम्ही जेवून घ्या."

त्या पानाची मला आठवण होती. पितृपक्षात आमच्या घरी सगळ्या पानांच्या शेवटी, जरा अंतरावर, एक पान वाढलं जाई. कुणाचं म्हणून विचारलं तर 'धाकल्या आजोबांचं' एवढंच उत्तर मिळे. त्यावरची खीर आम्हा मुलांना कधी मिळाली नाही. ते आजोबा मनमाडला म्हातारे होऊन वारले होते आणि आपल्याच श्राद्धावर विनोद करत होते, हे ऐकून आम्हाला हसू आलं नाही. आम्ही दोघेही त्या माणसाकडे नीट पाहू लागलो. काकूने पाण्याचा तांब्या दिला. बसा, असं कुणी म्हटलं नाही.

त्यांची मागणी साधी होती. मुलीला पुण्यात इंजिनिअरिंगला राखीव जागेवर प्रवेश मिळाला होता, पण जातीची पडताळणी होईपर्यंत तो कच्चा होता. आजोबांच्या रेल्वेच्या कागदावर आणि वडिलांच्या शाळेच्या दाखल्यावर जातीच्या रकान्यात नुसतं 'हिंदू' लिहिलेलं. अशा वेळी बापाकडच्या एखाद्या नातलगाचं वैधता प्रमाणपत्र चालतं, मात्र त्या नातलगाने वंशावळीच्या प्रतिज्ञापत्रावर सही करावी लागते. काका ग्रामपंचायतीला राखीव जागेवर उभे राहिले होते, तेव्हाचं त्यांचं प्रमाणपत्र कपाटात होतं. महिनाअखेरच्या आत सही झाली नाही तर मुलीचा प्रवेश जाणार होता. तेवढं सांगून त्यांनी पिशवीतून स्टॅम्पपेपर काढला. नाशिकच्या जमिनीत आपला कोणताही हक्क नाही, असं त्यांनी आधीच लिहून आणलं होतं.

या कागदाने घात केला. ते गेल्यावर काका मला म्हणाले, "बघ. कुणी मागितलं नसताना माणूस लिहून देतो? चोरच म्हणतो, माझे खिसे तपासा. तू पेपरवाला ना? मग काढ शोधून."

मी वर्तमानपत्रात होतो आणि शोधून काढणं हा माझा धंदा होता. खरं सांगायचं तर काकांच्या संशयापेक्षा माझा संशय अधिक शिकलेला होता. नोंदणी न झालेल्या असल्या कागदाला कोर्टात फारशी किंमत नसते, हे मला ठाऊक होतं. तेव्हा ते त्यांनाही ठाऊक असणार, असं मी धरून चाललो. वंशावळीवर एकदा सही झाली की तीच सही उद्या तलाठ्यासमोर वारस म्हणून उभी राहू शकते. मी त्यांना झेरॉक्स नको, मूळ कागद दाखवा, असा निरोप धाडला. पुढच्या रविवारी ते कुरकुर न करता मूळ कागद घेऊन आले. मनात म्हटलं, हा माणूस कुरकुर का करत नाही?

त्यांच्या आजोबांच्या नोकरीच्या कागदावर वडिलांचं नाव आमच्या पणजोबांचं होतं आणि गावही आमचंच. पण नाव काय, कुणीही कुणाचं सांगू शकतो. म्हणून मी पंचवटीत गेलो.

रामकुंडाजवळच्या गल्लीत आमच्या तीर्थपुरोहितांचं घर आहे. कुणी गेलं की घरचे लोक कुंडावर येतात, विधी आटोपतो, आणि मग गुरुजी कुळाची वही काढतात. आलेला माणूस नावं सांगतो, ती वहीत उतरतात, खाली तो सही करतो. लिहिता न येणारे शेतकरी सहीच्या जागी नांगराची आकृती काढत. गुरुजींनी लाल फडकं सोडलं, आमचं कूळ काढलं आणि मोडीवर बोट ठेवत सावकाश वाचलं. धाकटा भाऊ परागंदा. बारा वर्षे वाट पाहून पालाशविधी केला. निर्वंश. खाली माझ्या आजोबांचा नांगर.

पालाशविधी म्हणजे बेपत्ता माणसाचा अंत्यविधी. पळसाची पानं आणि दर्भ यांचा माणूस बांधतात आणि त्याला अग्नी देतात. त्या दिवसापासून हरवलेला माणूस मेलेला धरायचा.

"म्हणजे तो मनमाडवाला खोटा," मी म्हणालो. मला बरं वाटल्याचं मला स्पष्ट आठवतं.

 गुरुजींनी दोन पानं मागे उलटली. पणजोबांच्या अस्थी घेऊन आल्याची नोंद होती, आणि तिच्याखाली दोन नांगर होते, एकमेकांना चिकटून. एक थोरल्याचा, एक धाकट्याचा. दोन्ही नोंदींवर शक लिहिलेला होता. मी वजाबाकी केली. अंतर पाच वर्षांचं निघालं. बापाच्या अस्थींना जो भाऊ खांद्याला खांदा लावून उभा होता, त्याची पाच वर्षांत बारा वर्षं वाट पाहून झाली होती. आणि रेल्वेचा कागद सांगत होता की त्या काळात तो मनमाडला रोज हजेरी लावत होता.

"असं कसं लिहिलं?" मी विचारलं.

"माझ्या आजोबांनी लिहिलंय. यजमान सांगेल ते लिहायचं. समोर माणूस ओल्या पंच्यानं कुडकुडतोय, त्याला कोण विचारणार, बारा मोजलीस का?" गुरुजी म्हणाले. मग जरा हसून त्यांनी पुढे सांगितलं, "जिवंत परत आला असता तर सोय होती हो. तुपाच्या घड्यात बसवायचं, नाळ कापल्यासारखं करायचं, बारसं करायचं, की झाला पुन्हा जन्म. पण त्यासाठी दारातून आत घ्यावं लागतं."

"हे खोडता येईल?"

"वहीत खोडत नाहीत. खाली लिहितात."

गंगेच्या, म्हणजे आमच्या गोदावरीच्या, काठाने परत येताना माझी अवस्था चमत्कारिक होती. बातमीदाराला बातमी उलटल्याचा आनंद व्हायला हवा. माझा संशय मात्र तसाच शिल्लक होता. नुसतं त्याचं तोंड घराकडे वळलं होतं. मळ्यात काका शेवंतीची जुडी बांधत होते. मी पाहिलं ते जसं पाहिलं तसं सांगितलं, बातमी वाचून दाखवावी तसं. त्यांनी सुतळीला गाठ मारली.

"मोठ्या बाबांना माहीत होतं? ते मनमाडला आहेत म्हणून?" मी विचारलं. आजोबांना आम्ही मोठे बाबा म्हणत असू.

"सगळ्या मळ्याला माहीत व्हतं. हरवायला मनमाड काय लय लांब हाय व्हय?" काका म्हणाले. "दोघांचं भांडण झालं पाटाच्या पाण्यावरनं. धाकला गेला निघून. मागनं बापानं विधी उरकला, तलाठ्याकडं एकट्याचं नाव लावलं. मरताना मला सांगून गेला, मनमाडहून कुणी आलं तर पाणी द्यायचं. बसवायचं नाय. बसला की हिस्सा मागतो."

"आणि पान?"

"पान आई वाढायची. तिनंच सुरू केलं." त्यांनी पुढची जुडी ओढली. "बाप त्या दिवशी जेवायला घरी थांबत नसे."

जमीन वारशाने येते हे सातबाऱ्यावर दिसतं. संशयाचा फेरफार कुठे नोंदवला जात नाही, पण तोही त्याच क्रमाने खाली उतरतो, आणि ज्याच्या वाट्याला येतो त्याला तो स्वतःचा शहाणपणाच वाटतो. काकांनी तो बापाकडून घेतला होता, मी काकांकडून. मधल्या काळात आमचं कुणीच काही चोरलं नव्हतं.

दोन दिवस गेले. तिसऱ्या दिवशी सकाळी काका धुतलेला सदरा घालून माझ्यासमोर उभे राहिले. "पोरीचं वरीस जाईल?"

"जाईल."

"मग चल."

तहसीलमध्ये कारकुनाने वंशावळ वाचता वाचता विचारलं, "हे धाकटे, हे कुठं वारले?" काकांनी एकदा माझ्याकडे पाहिलं आणि म्हणाले, "मनमाडला. म्हातारपणानं. मागं एक मुलगा." शपथेवर सांगितलं आणि सही केली. बाहेर येताच तीन झेरॉक्स काढायला लावल्या. दोन स्वतःजवळ ठेवल्या. "असू दे. माणसाचा भरवसा नाय," असं म्हणून मूळ कागद माझ्या हातात दिला. "तूच नेऊन दे. त्याला इकडं बोलवू नको."

मी पॅसेंजरने गेलो. निफाडच्या पुढे द्राक्षांचे मांडव संपत गेले तशी हवा कोरडी होत गेली. रेल्वेच्या चाळीत त्या गृहस्थांची आई खाटेवर बसली होती; त्या धाकट्या आजोबांची सून. मी कोण ते कळल्यावर तिने चष्मा लावला आणि कागद हातात न घेता दुरूनच पाहिला.

"सही केली? तुमच्या काकांनी?"

"हो."

"का?"

 तिने नातीला हाक मारली. "वाच गं. सगळं वाच, बारीक अक्षरातलं पण. नाशिकवाले फुकट काही देत नाहीत. उद्या म्हणतील पोरगी आमच्यामुळं शिकली, आता ह्यावर अंगठा द्या."

"आजी, ते समोर बसलेत," मुलगी पुटपुटली.

"बसू देत. मी काय खोटं बोलते? मामंजी सांगून गेलेत, नाशिकच्या कागदाला हात लावायचा नाही."

मुलीने वाचलं. वर आमच्या पणजोबांचं नाव, खाली दोन भाऊ शेजारी शेजारी, मग दोन्ही शाखा, आणि एका शाखेच्या टोकाला तिचं स्वतःचं नाव. म्हातारीने तिला दोनदा वाचायला लावलं. दुसऱ्यांदा 'मनमाड येथे मयत' हे शब्द आले तेव्हा तिने हात वर करून थांबवलं. "हे त्यांनी स्वतः सांगितलं?" मी हो म्हणालो. तिने मान हलवली. विश्वास ठेवल्याची नव्हे, ऐकल्याची. मग नातीला म्हणाली, "ठेव फाईलमध्ये. आधी वकिलाला दाखव."

प्रवेश टिकला. मुलगी शिकली, नोकरीला लागली. ते गृहस्थ जमिनीच्या गोष्टीसाठी कधी आले नाहीत. पुढे मळा विकला तेव्हाही कुणाची हरकत आली नाही, आणि हरकतीची मुदत संपेपर्यंत काका रोज टपाल पाहत राहिले. गुरुजींच्या वहीत खाली काही लिहायचं मात्र राहून गेलं. त्यासाठी दोन्ही घरांनी एकत्र कुंडावर जायला हवं होतं, आणि कुणी कुणाला बोलावलं नाही.

आता आमच्या कुळाच्या दोन नोंदी आहेत. एकीत धाकटे आजोबा निर्वंश गेले, दुसरीत ते म्हातारपणी मुलगा मागे ठेवून वारले. दोन्ही विधिपूर्वक केलेल्या, दोन्ही आमच्याच घराच्या हातच्या, आणि दोन्ही नीट जपलेल्या. आणखी पन्नास-साठ वर्षांनी आमच्यातला कुणी आपली मुळं शोधायला निघाला तर त्याला दोन्ही सापडतील. खरी कोणती हे सांगायला तेव्हा कुणी नसेल. तो आमच्या घरचा असेल, तर एकीवरही विश्वास ठेवणार नाही.