शॉकअप मी नुसतं पुसलंय!

हसायचं ते आधीच हसून घ्या बायांनो, म्हंजी मागनं चहाचा ठसका लागायचा न्हाई. मी अंगठाबहाद्दर, आन् गेले मोटरसायकल दुरुस्त करायला!

तासगावला लेकीच्या पोराचं बारसं हुतं. दुसऱ्या दिशी सकाळी उठून आमी दोघं मोटरसायकलवर निघणार. पण गाडीचं पुढचं शॉकअप तेल गाळायला लागलं. आमचं म्हातारं फौजेतनं आलेलं, दुसऱ्याच्या हातावर इस्वास न्हाई. अंगणात पोत्यावर शॉकअप खोलून मांडलं आन् तेल अडवायचं नवं रबरी सील आणायला निघालं. जाताना बजावलं, "ह्येला हात लावू नगंस!"

आता तुमीच सांगा, चाळीस वर्सं संसार केलेल्या बाईला असं सांगायचं असतंय व्हय?

बघते तर शॉकअपचं दोन्ही पाईप तेलकट, काळंकुट्ट! विहिणीच्या दारात असली गाडी उभी करायची? चुलीतली राख काढली, विटेचा भुगा कालवला, तारंची घासणी घेतली आन् बसले की!

म्हातारं आलं. "आयला, लय चमाकतंय! काय केलंस गं?"

"नुसतं पुसलंय."

त्येनं नवं सील घातलं, तेल भरलं, हँडल दाबलं. आन् भळाभळा तेल खाली!

"दुकानदारानं खराब सील दिलं!" म्हातारं वरडलं.

मी तर पेटलेच. "चला आवं! माज्या नातवाच्या बारशाला आडवा येतोय म्हंजी काय?"

तशीच गळकी गाडी घेऊन गेलो. दुकानापुढं माणसं गोळा झाली, इतकं मी त्या दुकानवाल्या पोराला तोंडानं झोडपलं. "फौजी माणसाला फसवतोस? लाज न्हाई वाटत?"

बिचारा गाडीपाशी खाली बसला. पाईपावर नख फिरवलं. खर्र... खर्र.

"आजी, सील चांगलं हाय. पाईपाला ओरखडं पडल्यात, त्येच नवं सील कापत्यात. आता पाईपच बदलायला पायजेत. सांगलीस्नं परवा येतील. बारशाला एष्टीनं जावा."

"ओरखडं कुठनं आलं रं?" म्हाताऱ्यानं इचारलं. "हिनं तर नुसतं पुसलंय."

"छ्या! पुसून असं व्हतंय व्हय? कुणीतरी धा मिंटं तरी घासलंय बघा."

आन् माजं डोस्कं फिरलं. इतक्या माणसांम्होरं छाती काढून म्हनले,

"धा मिंटं? आरं दोन तास घासलंय मी!"